मार्ताच्या पावलांची धून

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. पार उत्तरेला एक मुलूख होता. तिथे अर्धं वर्ष बर्फ असायचा आणि उन्हाळ्यात सूर्य मावळायचंच विसरून जायचा. त्या मुलखातल्या एका मोठ्या तळ्याच्या काठी तावी नावाचा व्हायोलिन वाजवणारा राहत होता.

तावी लाकडं तोडायचा, मासे धरायचा, आणि गावात लग्न निघालं की भिंतीवरचं व्हायोलिन उतरवायचा. त्याला वडिलांनी शिकवलं होतं. बाप वाजवायचा, मुलगा ऐकायचा. मुलगा चुकला की बाप खो खो हसायचा आणि पुन्हा वाजवायचा. एवढीच त्याची शाळा.

तावीशिवाय त्या मुलखात लग्न होत नसे. वरातीच्या पुढे तो चालायचा, होडीत नवरीसमोर तो बसायचा. नाच सुरू झाला की बाकावर बसून, टाच जमिनीवर आपटत, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत तो वाजवत राहायचा. एखादी म्हातारी दमली की त्याला न सांगता कळायचं. धून हळू व्हायची आणि म्हातारीला वाटायचं, अजून आपल्यात बरंच बळ आहे!

एका हिवाळ्यात राजाने त्याला राजधानीत बोलावलं. तिथे झुंबरांखाली लोक खुर्च्यांवर बसून संगीत ऐकत. तिथे कुणाचं पाऊल हललं, तर शेजारी वळून बघत. बघायला नाचणारे पायच नव्हते, म्हणून तावी डोळे मिटून वाजवायला लागला. आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर वाजवायला लागला. त्याबद्दल त्याला नावं ठेवू नका. सुंदर ते सुंदरच.

बर्फ वितळला आणि तावी घरी परतला. त्याच उन्हाळ्यात गावातल्या आइलाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा तळ्यापलीकडच्या गावचा होता.

हे लग्न साधं नव्हतं. दोन्ही गावांचं वैर होतं. आइलाच्या वडिलांच्या होडीने एकदा मार्ताचं जाळं फाटलं होतं. मार्ता म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या, पलीकडच्या गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. आइलाचे वडील म्हणाले, जाळं आमच्या पाण्यात होतं. मार्ता म्हणाली, पाणी आमचं होतं. मासे दोन्हीकडे हिंडत होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. आता या दोन पोरांचं एकमेकांवर मन जडलं, तेव्हा शहाण्या माणसांनी ठरवलं की या निमित्ताने भांडण मिटवू या.

त्या मुलखाची एक रीत होती. नवरीच्या डोक्यावर उंच, जड मुकुट घालत. दोन्हीकडच्या माणसांनी तिच्याबरोबर नाचायचं, मगच तो उतरवायचा. मुकुट उतरला की ती सून. नाच झालाच नाही, तर लग्न मोडलं.

लग्नाच्या दिवशी पलीकडचं गाव होड्या भरून आलं. एका भिंतीशी ते उभे राहिले, समोरच्या भिंतीशी हे. मधल्या मोकळ्या जागेत आइला, एकटी.

तावीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, डोळे मिटले आणि दरबारात बसवलेली आपली सगळ्यात सुंदर धून सुरू केली.

काय वाजवलं त्याने! खोलीतला श्वासही थांबला. पण त्याबरोबर पायही थांबले. त्या सुरांवर पाऊल कुठे टाकायचं ते कुणालाच कळेना. धून संपली. कुणी जागचं हललं नव्हतं.

"वा!" मार्ता कडाडली. "राजवाड्यातलं गाणं! म्हणजे आम्हा गावंढळांना नाचता येत नाही, हे दाखवायला बोलावलंत होय?"

"तुम्हाला वाकड्यातच शिरायचंय, मार्ताबाई," आइलाचे वडील म्हणाले.

"मी वाकडी? आणि सरळ होडी चालवता येत नाही तो कोण?" मार्ता आपल्या माणसांकडे वळली. "चला रे, होड्या सोडा!"

तावीची बायको हिल्मा त्याच्या कानाशी वाकली. "अहो, फार छान वाजवलंत. आता जरा डोळे उघडा."

तावीने डोळे उघडले. समोर आइला उभी होती. मुकुटाच्या भाराने तिची मान आखडली होती. नवरा मुलगा आत्याकडे बघावं की नवरीकडे, या पेचात रडकुंडीला आला होता. आणि मार्ता दाराकडे निघाली होती. धप्, धप्, टप्. डावा पाय जड, उजवा हलका.

तावीने व्हायोलिनचा गज उचलला. धप्, धप्, टप्. मार्ताचं पाऊल पडलं की त्याचा सूर उमटायचा.

मार्ता थांबली. व्हायोलिनही थांबलं. तिने एक पाऊल टाकलं. एक सूर आला.

"मेल्या, माझी नक्कल करतोस?"

"नाही हो, मार्ताताई. साथ करतोय. तुम्ही पुढे, मी मागे."

कुणीतरी फिसकन हसलं. मार्ताने रागाने दोनदा पाय आपटला. दोन सूर खणखणीत आले. तिने तिसऱ्यांदा पाय आपटला, तो मात्र रागाने नव्हे. पुढे काय येतं ते ऐकायला. मग चौथ्यांदा. धून सोपी होती, अगदी साधी, लहान मुलाला जमेल अशी. तिच्या पाठीमागे तिच्या गावाच्या टाचा हलू लागल्या. समोरच्या भिंतीशीही हलू लागल्या.

"उभी काय राहिलीस, पोरी?" मार्ताने आइलाचा हात धरला. "मुकुट सांभाळ. मी फिरवते जोरात."

नाचाच्या फेरात आइलाचे वडील शिरले आणि पहिल्याच गिरकीला मार्ताच्या पायावर पाय देऊन बसले.

"जाळं फाडता तसेच नाचता!" ती ओरडली, पण हात सोडला नाही.

मुकुट उतरला. होड्या परत निघाल्या, त्या नवरीला घेऊन. त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांनी एकाच पाण्यात जाळी टाकली, आणि भांडली ती फक्त कोण जास्त वेळ नाचलं यावर.

पुढे तावी म्हातारा झाला. बोटं आखडली, सूर गळायला लागले. त्याच्याहून चांगलं वाजवणारे तरुण आले, तरी पहिला नाच त्याचाच असे. एखाद्या लग्नात त्याचा हात मध्येच थांबे. तेव्हा नाचणारे थांबत नसत. दोन्ही गावांच्या टाचा जमिनीवर एका ठेक्यात पडत राहत, आणि त्या ठेक्याचा आधार घेत म्हाताऱ्याला हरवलेली धून पुन्हा सापडे.

मित्रांनो, जी कला माणसांना एकमेकांचा हात धरायला लावते, तिचा हात माणसं कधी सोडत नाहीत.