पंगतीतले हसणे

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आचार्यांच्या आश्रमात आला. लहानपणी तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता, त्यामुळे आडपडदा न ठेवता त्याने वडिलांच्या देखतच तक्रार सुरू केली. वडिलांना ऐकू येत नव्हते. जन्मभर तांब्याचे हंडे ठोकून ठोकून त्या तांबटाचे कान गेले होते, आणि त्याच ठोक्यांवर मुलाचे शिक्षण झाले होते, दुकान उभे राहिले होते. हे मुलगा सांगत नव्हता, म्हणून आपण सांगायचे.

मुलाचे म्हणणे असे, की म्हातारा संशयी झाला आहे. घरात चार माणसे हसली की मलाच हसता म्हणतो, भरल्या ताटावरून उठतो. परवा नातीला पाहायला पाहुणे आले, तर भर बैठकीत त्याने काठी आपटली आणि ‘माझी टर उडवता?’ म्हणून ओरडला. पाहुणे निघून गेले. आता याला आश्रमातच ठेवून घ्यावे.

“वडिलांना हे ठाऊक आहे?” आचार्यांनी विचारले.

“त्यांना काय सांगायचं? घसा फुटेस्तोवर ओरडावं लागतं. देवदर्शनाला जातोय, असं खुणेनं सांगितलंय.”

बापाला खोटे सांगून गाडीत बसवणाऱ्या या सुपुत्राला आचार्य म्हणाले, आधी जेवून घ्या.

पंगत बसली. वडील समोरच्या रांगेच्या टोकाला बसले. व्यापाऱ्यापासून थोडे दूर बसलेल्या शिष्यांकडे वाकून आचार्यांनी हलक्या आवाजात काही सांगितले आणि सगळे हसत सुटले. एकाने हसता हसता व्यापाऱ्याकडे पाहिले. त्यानेही हसत विचारले, काय झाले? “काही नाही,” शिष्य म्हणाला. भात वाढला, पुन्हा तेच. काही विशेष नाही, तुम्ही जेवा. व्यापाऱ्याने टोपी चाचपली, सदऱ्यावर काही सांडले का ते पाहिले. पुढचा हशा उठला तेव्हा घास त्याच्या हातातच राहिला. “नंतर सांगतो,” या वेळी आचार्य स्वतःच म्हणाले, तेही तोंड फिरवून.

व्यापारी ताटावरून उठला. “पंगतीला बसवून अपमान करता? कशाला हसत होता मला?”

“तुला कुणीच हसलं नाही. मांजरानं माझी जपमाळ पळवली, ती गंमत मी सांगत होतो,” आचार्य म्हणाले, आणि त्यांचाही आवाज चढला. “एका जेवणात तू संशयी झालास. तुझे वडील कित्येक वर्षं असेच जेवताहेत. कान ठोक्यांनी गेले, त्याला इलाज नव्हता. पण घरात असून त्यांना घराबाहेर काढलं ते तुमच्या ‘काही नाही’नं. समोर बसून, तोंड दिसू देऊन, सावकाश दोन वाक्यं सांगायला घसा फोडावा लागत नाही. तेवढीही तुला सवड नाही, आणि वर दोष त्यांच्या स्वभावाला? लाज वाटू दे.”

समोरच्या म्हाताऱ्याला यातले अक्षरही ऐकू आले नव्हते. पण त्याने हसणारे शिष्य पाहिले होते, मुलाचे टोपी चाचपणे पाहिले होते आणि ताटावरून उठणेही. आपला आवाज किती मोठा होतो आहे हे न कळून तो सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा बोलला.

“बस खाली. जेव. होते सवय.”

व्यापाऱ्याने आपले ताट उचलले, वडिलांच्या पुढ्यात नेऊन ठेवले आणि तो त्यांच्यासमोर बसला. आपल्याला संध्याकाळी घरी परत जायचे आहे, असे आधी सांगितले. मग आचार्यांना विचारून घेत मांजराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. अर्ध्यावर त्याचा आवाज फुटेना. म्हाताऱ्याला त्याने काही फरक पडला नाही. तो मुलाच्या ओठांकडे पाहत होता.