खेचराचा प्रचार

फार पूर्वी, गाढवं आपला पुढारी आपणच निवडायची, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका वीटभट्टीवर अशीच निवडणूक लागली. एका बाजूला म्हातारी गाढवी करडी, दुसऱ्या बाजूला मालकाचं लाडकं खेचर. मालकाने नियम काढला, कामाच्या वेळी प्रचार करायचा नाही. गाढवांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी विटा वाहताना भुरी नावाच्या गाढवीने शेजारणीला एवढंच विचारलं, "करडीला मत देशील ना?" संध्याकाळी तिला चारा मिळाला नाही. खेचर मात्र मोकळ्या पाठीने दिवसभर रांगेच्या कडेने बडबडत फिरत होतं. "करडी निवडून आली तर मालक भट्टी बंद करेल. मग बसा उकिरडे फुंकत."

तिसऱ्या दिवशीही तेच ऐकल्यावर भुरीचं डोकं सणकलं. अरुंद चढावर ती मधोमध थांबली. मागची सगळी रांग अडली.

मालक काठी घेऊन धावत आला. "का गं थांबलीस?"

"खेचराचा प्रचार चाललाय. म्हणजे ही कामाची वेळ नसणार."

"तो नियम तुमच्यासाठी आहे."

"मग तसं तोंडावर सांगायचं होतं. आमची तोंडं बांधायची, याचं मोकळं सोडायचं, आणि वर त्याला नियम म्हणायचं?"

मागच्या गाढवांनी पाठी झटकल्या. विटा धडाधड कोसळल्या. मालकाने उगारलेली काठी खाली घेतली. तो खेचराला म्हणाला, "तू गप्प बस."

"नुसतं गप्प कशाला?" भुरी म्हणाली. "त्याच्या पाठीवर विटा लादा. कामाची वेळ कशी असते, ते त्यालाही कळू दे."