शेंड्यावर नेणार कोण?

रानात लॅपटॉप नवेनवे आले होते, तेव्हाची गोष्ट. साळुंकीच्या आईचा पंख मोडला होता. झाडाच्या शेंड्यावर होणारी बुलबुलाची मैफल तिला खाली करवंदीच्या जाळीत, मोबाइलवर थेट आणि लख्ख दिसावी, म्हणून साळुंकी कॅमेऱ्याचा लॅपटॉप निवडायला बसली.

"सगळ्यांत मोठा घे," मोर म्हणाला.

"छे, सगळ्यांत वेगवान!" ससा म्हणाला.

"आणि तापला म्हणजे?" घुबडाने डोळे वटारले.

साळुंकीचं डोकं पार भंजाळलं. "अहो शहाण्यांनो, शेंड्यावर नेणार कोण?" ती कडाडली. मग तिने एकेक चोचीने उचलून पाहिला आणि पेलवतील त्यांतला, बुलबुलाचं पीसन्‌पीस दाखवणारा घेतला.

तिने तो शेंड्यावर नेऊन ठेवला आणि मैफल रंगली. तिघेही जाळीशी दाटीवाटीने बसून पुन्हा सल्ले द्यायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "गप्प बसा रे मेल्यांनो, माझ्या पोरीने आणलेलं गाणं ऐकू द्या!"