पाणथळीतला धूर

एका डोंगराळ प्रांतात एकदा एक वृद्ध जाणकार राहत असत. पाट कोठून काढावा, विहीर कोठे खणावी, हे विचारायला लोक दुरून त्यांच्याकडे येत. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. सात वर्षांत तो पाट काढण्यात इतका तरबेज झाला होता की, आता आपल्याला विचारायचे काही उरले नाही, असे त्याला वाटू लागले होते.

एके वर्षी गुरू परगावी गेले असताना खालच्या दरीतला पाटील शिष्याकडे आला. त्या दरीतल्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना पाणथळ पसरली होती. वर दाट लव्हाळे, खाली काळी, लुसलुशीत माती. माणूस तीवरून चालू लागला की दहा पावलांवरची झुडपे हलत.

"एवढी जागा फुकट पडली आहे," पाटील म्हणाला. "पाणी काढून दिलंत तर चाळीस घरांची शेतं होतील."

शिष्याने गुरूंची वाट पाहिली नाही. महिनाभरात पाणथळीतून ओढ्यापर्यंत छातीइतका खोल चर खणला गेला. हिवाळा सरेपर्यंत जमीन पायाला कोरडी लागू लागली आणि गावाने शिष्याचा सत्कार केला.

पाणथळीच्या कडेला एका गवळणीचे घर होते. चैत्रात तिने शिष्याला बोलावून गोठ्याचा खांब दाखवला. त्याच्या बुडाशी वीतभर पोकळी पडली होती.

"खांब वर आला नाही, दादा," ती हळूच म्हणाली. "जमीन खाली गेली."

शिष्याने माती लोटून पोकळी बुजवली. परतताना मात्र त्याला दोनदा मागे वळून पाहावेसे वाटले.

वैशाखात कोणीतरी बांधावरचे गवत पेटवले. गवत विझले, धूर विझला नाही. तो जमिनीतून येत होता आणि ज्वाला कोठेच दिसत नव्हती. घागरी ओतल्या की एक जागा शांत होई आणि वीस पावलांवर दुसरी धुमसू लागे. चौथ्या दिवशी गवळणीची गाय चरता चरता गुडघ्यापर्यंत खाली गेली. दोर लावून तिला बाहेर काढले, तेव्हा तिच्या पायांवरचे केस जळाले होते आणि खड्ड्याच्या तळाशी निखारे लाल दिसत होते.

शिष्य तिथेच थिजला. पुढचे पाऊल कोठे टाकावे, त्याला कळेना. ज्या वाटेने आलो तीही आता भरवशाची वाटेना. तळव्यांना लागणारी ऊब उन्हाची की आतली, हेही त्याला सांगता आले नसते.

निरोप मिळताच गुरू आले. सारे गाव घागरी घेऊन धुराकडे धावत होते. गुरूंनी क्षणभर तिकडे पाहिले आणि पाठ फिरवून ते थेट चराच्या तोंडाशी गेले. तेथे त्यांनी फावडे उचलले आणि चिकणमाती ओढून चर बुजवायला सुरुवात केली.

पाटील संतापला. "आग तिकडे लागली आहे आणि तुम्ही इकडे माती ओढताय?"

"घागरींनी ही विझायची नाही," गुरू म्हणाले. "पाण्याला घरी परत येऊ द्या."

शिष्याने दुसरे फावडे घेतले. मग एकेक करून गावही आले. चर बंद झाल्यावर गुरूंनी ओल्या उरलेल्या भागात उभा चिरलेला लांब बांबू खुपसला. तो सहा हात आत गेला. बाहेर काढल्यावर त्याच्या पन्हाळीत मातीचे थर दिसले. वर मुळे, त्याखाली तपकिरी लव्हाळे, मग शिरा शाबूत असलेले एक पान, आणि अगदी तळाशी निळसर चिकणमाती.

"इथे पूर्वी तळं होतं," गुरू शिष्याला म्हणाले. "डोंगराच्या पायथ्याचे झरे ही जागा सदैव भिजवत राहिले. भिजल्या जागी हवा पोहोचत नाही, म्हणून मेलेलं गवत पुरतं कुजलं नाही. थरावर थर साचत गेला. बोटभर जाडी वाढायला वीस वर्षं लागतात. तू हिला माती समजलास. हे सरपण आहे, हजारो वर्षं पाण्यानं सांभाळलेलं. पाणी गेलं तसं ते वाळलं, खचलं आणि पेटलं."

"मला फार भीती वाटते आहे," शिष्य म्हणाला. "पाऊल उचलवत नाही."

"वाटू दे. ती खरी आहे, फक्त उशिरा आली. पहिली कुदळ मारताना वाटली असती, तर हा बांबू तूच खुपसून पाहिला असतास." गुरूंनी बांबू खाली ठेवला. "मी तुला पाट काढायला शिकवलं. कुठे घाबरायचं, ते शिकवायचं राहून गेलं. निम्मा दोष माझा."

अकरा दिवस पाणी इंचाइंचाने चढत राहिले. जमिनीतून वाफेचे फूत्कार येत. त्या प्रत्येक आवाजासरशी शिष्य दचके, पण बांधावरून हलत नसे. बाराव्या दिवशी धूर थांबला. खचलेली जमीन मात्र पुन्हा वर आली नाही. गवळणीला घर टेकाडावर हलवावे लागले; तिच्या गोठ्याचे खांब शिष्याने स्वतः खांद्यावरून वाहिले.

पुढे तो मोठा जाणकार म्हणून ओळखला जाऊ लागला. कोठेही बोलावले तरी कामाआधी तीन-चार दिवस तो नुसताच त्या जमिनीवरून हिंडे आणि जुन्या माणसांना विचारत राही. उतावीळ लोक त्याला भित्रा म्हणत. तो कधी नाही म्हणाला नाही.