उजवा कान

“मग धावपट्टीला दिवे लावलेत कशाला?” ऋत्विज घारपुरेबाईंना विचारत होता.

परवा रात्री उतरताना त्यानं सरावाचं विमान पट्टीच्या अलीकडेच, ज्वारीत आपटलं. त्याला नुसतं खरचटलं. शेजारी बसलेल्या, त्याच्याबरोबरच शिकणाऱ्या रोहिणी वळवीचे दोन्ही पाय मोडले. आणि हा भर दुपारी कागद घेऊन बाईंपुढे उभा. रात्रीचं उड्डाण पुन्हा करायला हरकत नाही, अशी सही त्याला हवी होती. बाईंनी शिकवलेलं पोर त्यांच्या सहीशिवाय काळोखात जमीन सोडत नसे.

“दिवे बघून उतरलास?”

“एकदाही नजर हलवली नाही.”

“तिथंच मेलास. खाली मिट्ट काळोख, पुढे नुसते दिवे. अशा वेळी वाटतं, आपण फार उंच आहोत. मग माणूस खाली जातो, आणखी खाली जातो. पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं तुझ्याकडून.”

“माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास आहे, बाई.”

शिकल्यासवरल्याचा माज असाच बोलतो. हळू आवाजात, इस्त्री करून.

“रोहिणीला शेजारी कशाला बसवली होती?”

“काट्यावरची उंची वाचायला.”

“मग वाचली नाही तिनं?”

“वाचत होती ना. तीनशे, दोनशे, दीडशे... एकसारखी. माझं चित्त ढळायला लागलं. म्हटलं, गप्प बस.”

“मग?”

“बसली.”

बाई उठल्या. हँगरमधल्या सगळ्या मेकॅनिकांच्या देखत त्यांनी त्या सव्वीस वर्षांच्या घोड्याचा उजवा कान धरला, रोहिणी बसली होती त्या बाजूचा, आणि असा पिळला की तो चवड्यांवर उभा राहिला.

“हा कशाला दिलाय रे? पेन खोचायला?”

कागद त्याच्या हातातून पडला. मेकॅनिक हातातलं काम सोडून बघत होते. कुणी हसलं नाही.

“म्हणजे सही... नाहीच?”

“करीन. तिचे पाय जुळू देत. मग रात्री विमान ती उतरवील. शेजारी बसून उंची तू वाचायचीस.”

कान अजून बाईंच्या हातात होता.

“आणि ती मला गप्प बस म्हणाली तर?”

बाईंनी कान सोडला.

“मोठ्यानं वाच.”