ओबेद पाळकांची त्रेसष्ट पत्रं

प्रवरेवर धरण व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वरच्या अंगाला बोरटेक नावाचं ख्रिस्ती लोकांचं गाव होतं आणि तिथे ओबेद पाळक होते. अंगावर जाडंभरडं कापड, घरात एक घोंगडी आणि तोंडात सदा उपदेश. असं म्हणतात की त्यांचं प्रवचन सुरू होण्याआधी बाया धुणं वाळत घालून येत आणि शेवटच्या आशीर्वादापर्यंत ते वाळून एखाद्या शेळीने चघळलेलंही असे.

पुढे थोरल्या पाद्रींचा हुकूम आला. प्रत्येक पाळकाने छापील पुस्तकातलंच प्रवचन वाचावं आणि तसं सही करून द्यावं. ओबेद पाळकांनी पुस्तक चाळलं, पुसून परत दिलं आणि म्हणाले, "पुस्तक चांगलं आहे. पण आमच्या शिमोनची पापं त्याला काय ठाऊक?"

त्यांना व्यासपीठावरून उतरवलं. उपदेशाचा एक शब्द तोंडातून निघता कामा नये, असंही बजावलं. गावाने फार हळहळ केली आणि त्या रविवारी वेळेवर जेवून घेतलं.

पण बंदी तोंडावर होती, हातावर नव्हती. पाळक ओढ्याकाठच्या झोपडीत लिहायला बसले. घरटी एक पत्र, कर्त्याच्या नावाचं. असं म्हणतात की एका दौतीत त्रेसष्ट पत्रं झाली, तरी दौत काठोकाठच राहिली.

शिमोन पाटोळेचं पत्र चार पानी निघालं. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्याची बायको तबीथा हिलाही नाही.

"अंद्रियाभावजींकडनं घ्या की वाचून," ती म्हणाली. "गावात वाचता येतं ते त्यांनाच."

"त्याच्याकडनं कशाला?"

"का? काय असंल त्यात?"

"काय नाय."

"काय नाय त्याला चार पानं लागली व्हय?"

शिमोनने पत्राची घडी करून ती कनवटीला खोचली. दोन वर्षांमागे त्याने बांधावरचा धोंडा धाकट्या भावाच्या, म्हणजे याच अंद्रियाच्या, रानात दोन हात सरकवला होता. अंद्रियाने ते पत्र वाचलं असतं, तर भाऊपण तिथेच संपलं असतं.

म्हणून पन्नाशीचा शिमोन पाटी घेऊन पाळकांच्या झोपडीत गेला. तिथे निम्मं गाव आधीच पाट्या घेऊन बसलं होतं. आपलं पत्र अंद्रियाकडून वाचून घ्यायला कुणीच तयार नव्हतं. बाराखडी म्हणजे उपदेश नव्हे, असं पाळकांनी हुकूम दोनदा वाचून ठरवलं होतं.

"साहेब, पत्रात काय हाय, तेवढं सांगा," शिमोनने गळ घातली.

"मला बोलायची बंदी आहे. 'क' काढ."

असं म्हणतात की तीन महिन्यांत सगळं बोरटेक वाचू लागलं. शिमोनने घाम पुसत चार पानं संपवली. प्रार्थनेत घोरतोस. ताकात पाणी घालून पाहुण्याला देतोस. बैलाशी गोड बोलतोस, तबीथाशी नाही. बांधाचं नाव कुठेच नव्हतं. शेवटची ओळ मात्र होती: बाकीचं तुला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पहार घेऊन बांधावर गेला. धोंडा हलेना. तेवढ्यात अंद्रिया आला.

"दादा, काय चाललंय?"

"धोंडा त्याच्या जागी ठिवतोय."

अंद्रियाने धोंड्याच्या जुन्या जागेकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. मग वाकून दुसऱ्या बाजूने जोर लावला. धोंडा बसल्यावर हात झटकत म्हणाला, "तुझं झालं की पहार मला दे. माझ्या पत्रातबी ती शेवटची ओळ हाय."

ती पहार महिनाभर शिमोनच्या घरी परतली नाही. असं म्हणतात की नंतर मोजणीदार आला, तेव्हा गावाची जमीन नकाशापेक्षा चार गुंठे जास्त भरली. जो तो आपल्या हिश्शाहून थोडं जास्तच परत देऊन बसला होता. गाव वाढल्याची सरकारी दप्तरात नोंद करायची सोय नव्हती, म्हणून मोजणीदाराने नकाशाच खरा धरला.

हे सगळं कानावर गेल्यावर थोरल्या पाद्रींनी बंदी उठवली. पाळक पहिल्याच रविवारी साडेतीन तास बोलले आणि गाव जागं राहिलं.

आजही पेरणीआधीच्या रविवारी बोरटेकात प्रवचन होत नाही. पाळक घरटी एक कोरा कागद देतात. तो घेऊन माणसं आपापल्या बांधावर जातात आणि वाचून दुपारपर्यंत परततात. कुणाचा लवकर वाचून झाला, तर गाव त्याच्याकडे जरा संशयाने बघतं.