करवंदे पेठेतला शेट्यांचा घोट

करवंदे पेठेत मंगळवारचा बाजार आपोआप उघडत नाही. दुकाने मांडलेली असतात, भाजीवर पाणी मारलेले असते, पण तराजूला कोणी हात लावत नाही. ओढ्याच्या खालच्या घाटावर एक पसरट काळा दगड आहे. पेठेचे प्रमुख, ज्यांना गाव शेटे म्हणते, त्यावर उभे राहून ओढ्याचे लोटाभर पाणी सर्वांसमक्ष पितात आणि रिकामा लोटा उपडा करून दाखवतात. मग सौदे सुरू होतात. पाहुण्यांना याचे नवल वाटते. देवळाचे म्हातारे गुरव अंतोबा त्यांना सावलीत बसवून याची हकिगत सांगतात.

फार पूर्वी इथे गोंदशेट नावाचे शेटे होते म्हणे. पेठ रंगाऱ्यांची आणि कोष्ट्यांची. रंगाऱ्यांचे निळीचे रांजण ओढ्याच्या वरच्या अंगाला, कोष्ट्यांची घरे खालच्या. रांजणांचा गाळ ओढ्यात जाई आणि ओढा निळा वाहे. गोंदशेटांना त्याचा केवढा अभिमान. ओढा जितका निळा, तितकी पेठ जोरात, असा त्यांचा हिशेब. स्वतःच्या पिण्याचे पाणी परसातल्या विहिरीचे असल्यामुळे या हिशेबात त्यांना कधी चूक आढळली नाही.

पुढे कोष्टी पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळू लागले. माग बंद पडू लागले. गोंदशेटांनी गावाची दृष्ट काढली, नवचंडी केली, परगावचे विणकर आणले. तेही आडवे झाले. कापड कमी तशी नीळ कमी, आणि ओढा फिकट पडला. हे मात्र गोंदशेटांना बघवेना. पेठ बसली असे व्यापाऱ्यांना वाटेल, म्हणून बाजाराच्या दिवशी ते पदरची नीळ ओढ्यात ओतायला लावू लागले.

अशात दक्षिणेकडचा एक मोठा व्यापारी आला. त्याचा सौदा मिळाला तर पेठ तरणार होती; नाहीतर रंगारीही गाव सोडायच्या बेतात होते. सौदा ठरला की दोघांनी एकाच लोट्यातले पाणी प्यायचे, आधी यजमानाने, अशी रीत होती. गोंदशेट ते पाणी घरून आणवीत. पण त्या दिवशी त्यांनी निळ्या ओढ्याचे एवढे कौतुक केले, की व्यापारी म्हणाला, "मग ह्या लक्ष्मीचंच पाणी घेऊ की."

घाटावर येसाई कोष्टीण पाणी भरत होती. तिचा नवरा अंथरुणावर होता आणि माग सुना. गोंदशेटांनी लोटा पुढे केला. तिने तो काठोकाठ भरला.

"जरा कमी भर, येसाई," ते हळूच म्हणाले.

"असू द्या, शेटजी. आमची पोरंबाळं रोज एवढं पितात. तुम्ही सावकाश घ्या."

सौदा समोर उभा होता. गोंदशेटांनी डोळे मिटले आणि अर्धा लोटा संपवला. व्यापाऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, आणि आपली आज निर्जळी एकादशी असल्याचे त्याला आठवले. पंचांगात त्या दिवशी अष्टमी होती, असेही सांगतात.

व्यापारी गेला, सौदा गेला, आणि संध्याकाळपर्यंत गोंदशेटही आडवे झाले. बाजार उघडण्याचा मान तेव्हाही शेट्यांचाच; ते नाहीत म्हणून बाजार भरेना. खाटेवर पडून सामसूम पेठ ऐकताना त्यांना उमगले, की एक माणूस निजला तर एवढे थांबते, आणि आपण तर कोष्ट्यांची अख्खी आळी निजवली आहे.

उठता येताच त्यांनी रांजण ओढ्यापासून दूर माळावर हलवायला लावले आणि गाळासाठी खड्डे खणवले. रंगारी कुरकुरले, "एवढ्या लांब पाणी वाहायचं म्हणजे धंदा बुडालाच की, शेटजी."

"विणणारा उभा नसेल तर रंगवाल काय? ओढा? तो मी रंगवून बघितलाय."

मग ग्रामदेवीसमोर त्यांनी शपथ घेतली: शेट्यांनी खालच्या घाटाचे पाणी प्याल्याशिवाय बाजार उघडायचा नाही. हळूहळू पाणी निवळले, कोष्टी उठले, येसाईचा माग वाजू लागला. तो व्यापारीही परत आला, आणि ओढ्यात निळा थेंब नसताना त्याने लोटा रिकामा केला. पेठ पूर्वी कधी नव्हती एवढी भरली, असे सांगतात.

आजही शेटे दर मंगळवारी त्या दगडावर उभे राहतात. मध्यंतरी ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखाना काढू इच्छिणारे एक गृहस्थ आले होते. गावाची भरभराट कशी होईल, यावर ते बराच वेळ बोलले. गावाने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली: कारखाना सुरू झाला की दर मंगळवारी शेट्यांच्या आधी लोटा तुम्ही घ्यायचा.

त्या गृहस्थांना मंगळवारचा निर्जळी उपास असतो म्हणे.